चारी बाजूंनी

गोव्याचा समुद्र आम्ही पाहिलेला आहे.
चोर्ला घाट उतरून दोनेक तास गेलं की
तो असतो, एका बाजूला.
मलप्रभा म्हणायची, हे म्हणजे
दारात उभं राहून कुणाचं घर बघितल्यासारखं झालं.
तिला मधोमध उभं राहायचं होतं,
जिथं कुठंही वळलं तरी पाणी.

चौतीस वर्षं मी उद्यमबागेत लेथवर काढली.
शेवटच्या पगारातनं अंदमानची दोन तिकिटं.
तिनं गणपत गल्लीत एक टोपी घेतली, पिवळी, रुंद काठाची,
दुकानदाराशी कन्नडात घासाघीस करून,
आणि घरी येऊन आरशासमोर मराठीत लाजली.

बेटाला पण सीमा असते, मी म्हटलं.
असू दे की, म्हणाली,
तिथं कोण पाट्या काळ्या करायला येतंय.

सांबऱ्याला आम्ही चार तास आधीच पोचलो.
टीव्हीवर एक पांढरा भोवरा फिरत होता
जात्यासारखा, सावकाश,
सगळ्या उपसागराचं पीठ पाडत.
त्याला कुठल्याशा देशानं नाव दिलेलं, गोड,
बारशाला पेढे वाटावेत असं.
काउंटरवरच्या पोरीनं कन्नडात सांगितलं,
मग हिंदीत, मग इंग्रजीत.
चौथ्या भाषेत मी मलप्रभेला सांगितलं.
हं, म्हणाली ती,
आणि टोपी काढून पिशवीत ठेवली,
पालथी, काठ दुमडू नये म्हणून.

पण घरी कुठल्या तोंडानं जायचं?
सकाळी वडगावात अख्ख्या गल्लीनं निरोप दिलेला.
तुंगव्वानं तर माग बंद ठेवून
रिक्षापर्यंत बॅग आणलेली.
रात्री अकराला, शेवटचा माग थांबल्यावर,
आम्ही आमच्याच घरात शिरलो.
कुलपाला कधी तेल घातलं नव्हतं, ते तेव्हा कळलं.

तीन दिवस.
दिवा नाही, कुकर नाही, नळ बारीक.
खायला चिरमुरे आणि कुंदा,
अंदमानला न्यायला घेतलेला.
दुपारी माग सुरू झाले की त्या खडखडाटात
आम्ही बोलून घ्यायचो.
लग्नानंतर एवढं कधी बोललोच नव्हतो,
असं काही मला म्हणायचं नाही.
पण तिला पोहता येतं, हे त्यात कळलं.
खानापुरात, जिचं नाव हिला ठेवलं त्या नदीत,
भावांनी कमरेला दोर बांधून शिकवलेलं.
एकतीस वर्षं झाली लग्नाला.
विचारलं नव्हतंस, म्हणाली.

चौथ्या सकाळी वादळाची शेपूट इथवर आली.
भर डिसेंबरात भुरभुर.
पत्रा वाजेना, नुसता ओला होत राहिला.
तुंगव्वा तुळशीला पाणी घालायला आली,
ठरल्याप्रमाणे, पावसात, तांब्या भरून.
घातलं नाही. पायरीवर बसली.
खिडकीच्या फटीतनं तिची पाठ दिसत होती.
तुळशीला म्हणाली,
हुच्ची, समुद्र नोडाक होग्याळ.
वेडी, समुद्र बघायला गेलीय.
मग कन्नडातच पुढं,
तिकडचा वारा इकडं धाड,
माझे पत्रे ने हवं तर.

मी वळून बघतो तर
शेजारी मलप्रभा नव्हती.
कडी वाजली.
ही दारात उभी, पिवळी टोपी घालून.

तुंगव्वा किंचाळली.
मग शिव्या दिल्या, दोन्ही भाषांतल्या, निवडून.
मग रडली, आणि रडता रडता
तांब्या तुळशीत ओतला एकदाचा.
मग नाक पुसत विचारलं,
कसा होता गे समुद्र?

तोवर गल्लीतले माग थांबले होते.
सात-आठ जण भिजत उभे,
डावीकडं, उजवीकडं, गटारीपलीकडं,
आणि मागच्या दारानं आत आलेली
तुंगव्वाची दोन नातवंडं.
मलप्रभेनं सगळीकडं एकदा बघून घेतलं.
चारी बाजूंनी होता, म्हणाली.

उरलेला कुंदा मी बशीत काढला.
जरा वाळला होता.
तिकिटाचे पैसे अजून परत आलेले नाहीत.